मौजे राळेगणसिद्धी, परगणे पारनेर : देवमातृक भूमि व तिचा कारभार

जुनें दफ्तर हातीं आलें म्हणजे संशोधकाची दृष्टि प्रथम शिक्क्याकडे जाते, मग मायन्याकडे, मग मजकुराकडे. ज्या गांवचा तो कागद, त्या गांवच्या भूमीकडे ती सर्वांच्या शेवटीं जाते, किंवा मुळींच जात नाहीं. हा क्रम उलटा असावा असें आमचें मत आहे. भूमि कशी आहे, पाणी कोणीकडे वाहतें, पीक कशाच्या बळावर येतें, हें ध्यानांत घेतल्यावांचून महजर, करीना, ताळेबंद व वसूलबाकी यांतील अर्धा अर्थ हातचा जातो. हें विधान मोघम राहूं नये म्हणून प्रस्तुत लेखांत आम्हीं पारनेर हा एक तालुका व त्यांतील राळेगणसिद्धी हें एक गांव घेतलें आहे. राळेगणचें नांव गेल्या पन्नास वर्षांत सर्वतोमुखीं झालें. परंतु तें ज्या कारणानें झालें तें कारण जुने कागद वाचणारांस परकें नाहीं, किंबहुना त्यांनींच तें इतरांहून अधिक नीट ओळखावें, हें आम्हांस दाखवावयाचें आहे.

१. भूमि

राळेगणसिद्धी हें गांव पुणें-नगर रस्त्यावरील वाडेगव्हाणापासून थोडें आंत असून पुण्याहून अदमासें ९० व नगराहून अदमासें ४० किलोमीटरांवर आहे. गांवचें क्षेत्र सुमारें ९८२ हेक्टर. तालुक्याचें ठाणें पारनेर. जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें.

पारनेर तालुक्याच्या मध्यें कान्हूरचें पठार पसरलें आहे, आणि हें पठारच त्या प्रांताच्या भूगोलाची किल्ली होय. पठाराच्या उत्तरेस पडलेलें पाणी मुळेस मिळतें, मुळा प्रवरेस व प्रवरा गोदावरीस मिळते. दक्षिणेस पडलेलें पाणी हंगा व कुकडी यांच्या वाटेनें घोडनदीस जातें, घोड भीमेस व भीमा कृष्णेस मिळते. म्हणजे एकाच तालुक्याच्या दोन शेतांत एकाच दिवशीं पडलेला पाऊस दोन निराळ्या महानद्यांच्या मुखांनीं समुद्रास मिळतो. राळेगण हें यांपैकीं घोड-भीमेच्या अंगास आहे. जमीन बहुतेक हलकी, मुरमाड व उताराची. सह्याद्रीच्या पलीकडे कोंकणांत मुसळधार कोसळून हलके झालेले ढग येथें येतात, त्यामुळें वर्षाचें पाऊसमान ४०० ते ५०० मिलिमीटरांच्या आसपास असतें, आणि तेंही बेभरंवशाचें.

संस्कृत कोशकारांनीं भूमीचे दोन भेद सांगितले आहेत. जी नदीच्या पाण्यावर पिकते ती नदीमातृक. जी केवळ पर्जन्यावर अवलंबून असते ती देवमातृक. अमरकोशांत हे दोन्ही शब्द एकाच श्लोकांत जोडीनें आले आहेत, व आमच्या पिढीच्या विद्यार्थ्यांनीं ते अर्थ न कळतां पाठ केले आहेत. त्यांचा अर्थ कळावयाचा असेल तर ज्येष्ठांत पारनेरच्या माळावर उभें राहावें. नद्यांचीं नांवें पुष्कळ, परंतु नद्या खोल दऱ्यांतून वाहतात आणि शेतें वर कोरडीं राहतात. निघोजच्या पात्रांत कुकडीनें कातळ कोरून जे रांजणखळगे केले आहेत ते पाहावयास दूरदूरचे लोक येतात. परंतु नदीनें कातळ कोरावा इतकी ती खालीं गेली, हेंच वरच्या शेतकऱ्याचें दुर्दैव. देवमातृक हा शब्द ज्यानें प्रथम योजिला त्यानें अशीच एखादी भूमि पाहिली असली पाहिजे.

२. नांवांचा घोटाळा

कागदांच्या संग्राहकांस येथें एक व्यावहारिक सूचना करणें अवश्य वाटतें. या टापूंत समान नांवांचीं गांवें फार आहेत. राळेगण हें नांव राळा या हलक्या जमिनीच्या धान्यावरून पडलें असावें असें दिसतें, आणि हलकी जमीन सर्वत्र असल्यानें राळेगणेंही एकाहून अधिक आहेत. नगर तालुक्यांत राळेगण म्हसोबा आहे. आमचें राळेगण पारनेर तालुक्यांतील व सिद्धी या उपपदाचें. उपपद गाळून नुसतें ‘राळेगण’ असें ज्या कागदांत असेल तो कागद शेजारच्या गांवांचीं नांवें पाहिल्याशिवाय कोणत्याही एका गांवच्या पदरीं घालूं नये.

याहून मोठा घोटाळा सुप्याचा. पारनेर तालुक्यांत पुणें-नगर रस्त्यावर सुपें आहे. आणि पुणें जिल्ह्यांत, भीमथडीच्या जुन्या तालुक्यांत, दुसरें सुपें आहे. शहाजी राजांच्या जहागिरीचें जें ‘पुणें-सुपें’ तें दुसरें. १८७५ च्या १२ मे रोजीं सावकारांविरुद्धचा प्रसिद्ध दंगा जेथें पेटला तेंही दुसरेंच. परंतु तोच दंगा पुढें नगर जिल्ह्यांत पसरला व त्यांत पारनेर तालुक्यांतील गांवेंही आलीं. त्यामुळें ‘सुपें’ आणि ‘पारनेर’ हे दोन शब्द एका प्रकरणांत शेजारीं शेजारीं येतात, आणि असावध वाचक पारनेरच्या सुप्यास नसतें श्रेय देऊन बसतो. जातेगांवाचेंही तसेंच. डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं १९२१ सालीं ज्या जातेगांवाच्या शेतीची पाहणी प्रसिद्ध केली तें जातेगांव बुद्रुक शिरूर तालुक्यांतील. पारनेर तालुक्यांतील भैरवनाथाचें जातेगांव तें निराळें.

३. परगणा, तालुका आणि मृगाचें वर्ष

मलिक अहमदानें १४९० सालीं बहमनी सत्तेपासून फुटून निजामशाही स्थापिली व नगर शहर वसविलें. नगरचा किल्ला १६०० सालीं मोगलांनीं घेतला, तरी मलिकंबरानें निजामशाही आणखी पाव शतक जगविली. त्याचा जमीनधारा पुढें दोन शतकें प्रमाण मानला गेला. १६३६ सालीं ती शाही बुडाली. १७५९ सालीं किल्ला पेशव्यांस मिळाला, १७९७ सालीं तो दौलतराव शिंद्यांकडे गेला, १८०३ च्या ऑगस्टांत वेलस्लीनें तो जिंकला, आणि १८१८ सालीं पेशवाई संपून कंपनीचा अंमल बसला. तेव्हां नगरच्या कलेक्टरीवर कॅप्टन पॉटिंजर याची नेमणूक झाली. हा नगरचा जिल्हा मूळचा फार मोठा. नाशिक त्यांतून १८६९ सालीं निराळें निघालें.

इतक्या धन्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रांताच्या कागदांवर मायना मात्र फारसा बदलत नाहीं. मौजे, तर्फ किंवा कर्यात, परगणे, सरकार, सुभे, अशी ती पायरी. परगण्यावर देशमुख-देशपांडे हे वतनदार, मौजावर पाटील-कुलकर्णी, आणि सरकारचा कमाविसदार किंवा मामलेदार हा येतो व जातो. या जाळ्यांतील धागे सरळ नव्हते. एकाच परगण्यांत एक गांव खालसा, दुसरें इनाम, तिसरें सरंजामी, असे असे. पारनेर तालुक्यांतील जामगांवीं महादजी शिंद्यांचा वाडा आहे. नगर जिल्ह्यांतील शिंद्यांचीं गांवें इंग्रजी अमलांत आलीं तीं १८५७ च्या उठावानंतरच्या कांहीं वर्षांत, अदलाबदलीच्या करारानें. म्हणून १८१८ हा आंकडा तालुक्यांतील प्रत्येक गांवास लावणें चुकीचें होईल.

परंतु धनी कोणीही असो, त्याच्या हिशेबाचें वर्ष पावसानें ठरविलें होतें. शुहूर सन व दक्षिणेंतील फसली सन हे दोन्ही सूर्याच्या मृगनक्षत्रप्रवेशाबरोबर, म्हणजे हल्लींच्या मानानें जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, बदलत. शुहूर सनांत ५९९ मिळविले असतां मृगापासून डिसेंबरपर्यंतचा इसवी सन येतो, पुढील महिन्यांस ६०० मिळवावे. फसलीस अनुक्रमें ५९० व ५९१. कालगणनेचीं हीं कोष्टकें आपण सर्वजण वापरतों. परंतु राज्याचें वर्ष मृगावर कां बांधलें याचा विचार करितां असें दिसतें कीं, देवमातृक देशांत पेरणीपूर्वीं कौल द्यावयाचा, तगाई द्यावयाची, आणि पीक दृष्टीस पडल्यावर वसूल ठरवावयाचा, एवढाच कारभार शक्य होता. हल्लींही महसुलाचें वर्ष १ ऑगस्टास सुरू होतें, आणि पिकाची पैसेवारी, म्हणजे जुनी आणेवारी, काढली जाते. नांवें बदललीं, घाट तोच आहे.

४. शीव

गांवच्या कारभाराचा पाया म्हणजे त्याची शीव. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमावादाचा निर्णय ज्येष्ठ मासांत करावा असें सांगितलें आहे, कारण त्या वेळीं बांध व खुणा उघड्या दिसतात. सीमेवर वृक्ष लावावे, तळीं, विहिरी, देवळें करावीं, आणि भूमीच्या पोटांत दगड, हाडें, तूस, राख, खापऱ्या अशा गुप्त खुणा पुराव्या. साक्षीदारांनीं मस्तकावर माती घेऊन शीव दाखवावी, असा तो विधि आहे. मराठी महजरांत शिवेचे जे तंटे येतात त्यांत या विधीचे अवयव ओळखूं येतात. गोत बसतें, वृद्ध साक्ष देतात, शीव चालून दाखविली जाते, प्रसंगीं दिव्य होतें. शेवटीं पाटलाच्या नांगराची निशाणी व प्रत्येक बलुत्याच्या हत्याराची निशाणी कागदावर उमटते. शीव चालून दाखविण्याचें काम पुष्कळदां महाराकडे असे, कारण ती सर्वांत अधिक त्याच्या पायांखालची असे. तथापि निशाण्यांच्या यादींत त्याचें स्थान मात्र शेवटीं.

ही शेवटची गोष्ट आम्ही मुद्दाम लिहिली आहे. गेल्या शतकाच्या आरंभापासून आपल्यांतील कांहीं विद्वानांनीं जुन्या गांवाचें चित्र स्वयंपूर्ण प्रजासत्ताकाचें काढिलें आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांव-गाडा’ लिहून त्या चित्राची काळी बाजू दाखविली. गोताचा निर्णय एकमतानें होई हें खरें. पण त्या मतांतील सर्वांचें वजन सारखें नसे, हेंही तितकेंच खरें. डॉ. आंबेडकरांनीं महारवतनाविषयीं मुंबईच्या कायदेमंडळांत १९२८ सालीं विधेयक आणिलें, त्याच्या मागें हीच वस्तुस्थिति होती. परगणा व कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें, कनिष्ठ ग्रामवतनें १९५८ च्या कायद्यानें, व मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें संपलीं. जुनी चौकट येथें पुरती मोडली.

५. मोजणी, कर्ज आणि कागदांची होळी

इंग्रजी अमलांत शिवेच्या आंत दुसरी रेघ आली, ती शेतांच्या मोजणीची. इंदापुरांत १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं सुरू केलेली पद्धति पुढें दक्षिणेंत सर्वत्र लागू झाली. प्रत्येक शेतास नंबर, बांधास दगड, जमिनीस प्रत, आणि तीस वर्षांचा ठरीव सारा. टिपण, फाळणी व पुढें हक्कनोंद, ज्यांतून आजचा सातबारा आला, हा सर्व त्याच वृक्षाचा विस्तार. मोजणी उत्तम झाली यांत शंका नाहीं. जिराईत, मोटस्थळ, पाटस्थळ असे भेदही नोंदले गेले. परंतु या नोंदींत पाण्यामुळें जमिनीची किंमत किती वाढते एवढेंच पाहिलें होतें. शिवारांत पडणारें पाणी एकंदर किती, व तें कोणाच्या वाट्यास किती यावें, याचा रकाना त्यांत नव्हता.

सारा ठरीव आणि पाऊस बेठरीव, या दोहोंमधील अंतर सावकाराच्या वहीनें भरून निघूं लागलें. अमेरिकेंतील यादवीच्या काळीं, म्हणजे १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसाचे भाव चढले व पत वाढली. मग भाव पडले, साऱ्याची फेरआकारणी आली, आणि कर्ज मात्र उरलें. १८७४ च्या अखेरीस पारनेरच्या शेजारच्या शिरूर तालुक्यांतील कर्डे या गांवीं सावकारावर बहिष्कार पडला, आणि १८७५ च्या मे-जूनांत पुणें व नगर जिल्ह्यांत दंगे झाले. या दंग्यांचें मर्म मनुष्यहत्या किंवा लूट नव्हतें. खतें व रोखे हस्तगत करून जाळणें हें होतें. जेथें सावकारानें कागद मुकाट्यानें स्वाधीन केले तेथें बहुधा त्यास धक्का लागला नाहीं. कागदांचा संग्रह करणाऱ्या आम्हां मंडळींस ही गोष्ट वाचतांना अंगावर कांटा येतो. पण ज्यास वाचतां येत नाहीं अशा शेतकऱ्याच्या हातीं स्वतःच्याच निशाणीचा कागद कसला दिसत असेल, याचाही विचार केला पाहिजे. १८७९ च्या शेतकरी-कर्जनिवारणाच्या कायद्यानें दस्तऐवज नोंदण्यासाठीं गांवोगांव नोंदणीदार नेमण्याची तरतूद केली, ती या धड्यामुळें. पुढें १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ आले. हंगेवर खालीं श्रीगोंदें तालुक्यांत विसापूरचा तलाव त्या काळच्या दुष्काळी कामांतून सुरू झाला. पाणी पारनेरच्या माळावरून गेलें, अडलें श्रीगोंद्यांत.

६. राळेगणनें काय मोजिलें

आतां राळेगणकडे येऊं. १९७५ सालीं किसन बाबूराव उर्फ अण्णा हजारे हे सैन्यांतील नोकरी संपवून गांवीं परतले. त्या वेळीं गांवांत पाऊस पडत नव्हता असें नाहीं. पडलेला पाऊस गांवांत थांबत नव्हता. पूर्वीं सरकारनें बांधलेला पाझर तलाव होता, तो पाणी धरीत नव्हता. जमिनीवरचें उत्पन्न तुटपुंजें, आणि दारूच्या भट्ट्या हा धंदा. हजारे यांनीं आरंभ केला तो संत यादवबाबांच्या देवळाच्या जीर्णोद्धारानें, आणि देवळांतच गांव बसूं लागलें. पुढें तलावाची दुरुस्ती झाली, ओढ्यांवर बांध पडले, उतारावर चर खणले, झाडें लागलीं. विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांत चालविलेल्या पाणी-पंचायतीच्या प्रयोगाचा अभ्यास झाला.

परंतु आमच्या विषयास महत्त्व आहे तें बांधांपेक्षां ठरावांचें. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान, कुटुंबनियोजन. उसासारख्या अति पाणी पिणाऱ्या पिकास आळा. सामाईक विहिरींच्या पाण्याची वांटणी. हे ठराव ग्रामसभेचे. कायद्यानें ग्रामसभा १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमांत होतीच, आणि जिल्हा परिषद व पंचायत समिती १ मे १९६२ पासून अस्तित्वांत होत्या. बहुतेक गांवीं ग्रामसभा कागदावर भरे, येथें ती देवळांत भरली. मोजणीच्या नमुन्यांत जो रकाना नव्हता तो या गांवानें स्वतः उघडला. जमिनीचा मालक सातबाऱ्यावर निराळा असेल, पण पाणलोटाचें पाणी गांवचें, हें तत्त्व त्यानें मान्य केलें. देवमातृक भूमि नदीमातृक झाली नाहीं. देवानें दिलेल्याचा हिशेब मात्र ठेवला गेला. राज्य सरकारनें १९९२ सालीं आदर्श गांव योजना काढली, तिचा नमुना हाच.

येथें स्तुतिपाठकाच्या भूमिकेंत शिरण्याचें आम्हांस कारण नाहीं. दारू पिणारास देवळाजवळच्या खांबास बांधून फटके मारल्याचें वृत्त प्रसिद्ध आहे, व टीकाकारांनीं त्यावर योग्य बोट ठेविलें आहे. गोताच्या जुन्या शिक्षा ज्यांनीं कागदांत वाचल्या आहेत त्यांस हा प्रकार नवा वाटणार नाहीं, आणि म्हणूनच त्याचें समर्थन करण्याचा मोह त्यांनीं टाळावा. दुसरीकडे, गांवांतील दलित कुटुंबांवरील कर्ज गांवानें त्यांच्या शेतांत श्रमदान करून फेडलें, हेंही प्रसिद्ध आहे; तसा नमुना जुन्या महजरांत मिळणें कठीण. जुन्या गोताचा दंडक आणि नव्या ग्रामसभेची समता हीं दोन्ही एका गांवीं एकत्र दिसतात. इतिहासकारानें दोन्हींची नोंद करावी, व एकीनें दुसरीस झांकूं नये.

आणखी एक गोष्ट. हजारे यांच्या चळवळीचा पुढील टप्पा माहितीच्या हक्काचा होता. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर, दफ्तर पाहण्याचा हक्क. ज्या टापूंत १८७५ सालीं शेतकऱ्यानें कागद जाळले, त्याच टापूंतून सव्वाशें वर्षांनीं कागद दाखवा अशी मागणी निघाली. या दोन टोकांमधील प्रवास हाच आमच्या मतें त्या प्रांताच्या कारभाराचा खरा इतिहास होय.

७. विनंति

कै. राजवाडे यांनीं साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं काढिला, तेव्हां पेशवाई बुडून ऐशीं वर्षें झालीं होतीं, आणि तोंवर किती दफ्तरें वाण्याच्या पुड्यांत गेलीं याची गणती नाहीं. राळेगणच्या पहिल्या ठरावांस आतां पन्नास वर्षें होत आलीं. मोडी कागदास आपण कापडांत बांधून ठेवितों, त्याची वाळवी झाडतों, त्यावर निबंध वाचतों. ग्रामसभेचीं इतिवृत्तें, श्रमदानाच्या हजेऱ्या, पाणीवांटपाच्या वह्या, सहकारी संस्थांचे ताळेबंद, हे कागद मात्र शिक्का नाहीं, मोडी नाहीं, म्हणून आपल्या दृष्टीस कागदच वाटत नाहींत. तलाठी जाऊन ग्राम महसूल अधिकारी आला, हस्तलिखित सातबारा जाऊन संगणकाचा आला. प्रत्येक बदलांत एक कपाट रिकामें होतें, आणि त्यांतील वह्या कोठें गेल्या हें पुढें कोणी विचारीत नाहीं.

म्हणून आमची संग्राहकांस विनंति अशी आहे कीं, पारनेर तालुक्यांत, निळोबारायांच्या पिंपळनेरास, निघोजास किंवा पळशीस, जुन्या पोथ्यांच्या शोधार्थ जाणें झाल्यास त्या गांवच्या पंचायतीचें कपाटही उघडून पाहावें. गेल्या साठ वर्षांतील ठरावांच्या वह्या असतील तर त्यांची यादी करावी, शक्य तर छायाप्रत घ्यावी, आणि मूळ गांवींच ठेवावें. जावयाचें तें ज्येष्ठांत जावें. शिवेच्या खुणा त्या वेळीं उघड्या असतात, व पाणी कोणीकडून कोणीकडे जाणार हेंही कोरड्या ओढ्यांवरून नीट दिसतें.